साडीचोळीचे दाक्षिण्य आणि हक्काचा वाटा



स्त्रियांना समान हक्क हवेत ना, मग बसमध्ये राखीव जागा कशाला? बरोबरीही मागायची आणि पुरुषांनी दाक्षिण्यही दाखवावे अशी अपेक्षा धरायची, हा कोठला न्याय? अशी तक्रार आजकाल सुशिक्षित पुरुषवर्गाकडून वारंवार ऐकू येते. ती करणारे केवळ परके असते तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्याच वस्त्यांतून शिकून वर आलेले, विहारात पुढच्या रांगेत बसणारे तरुणही आता हीच भाषा बोलू लागले आहेत. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, स्त्रीने एक तर बरोबरीचा माणूस व्हावे, नाही तर पुरुषाच्या दाक्षिण्याची धनीण व्हावे. दोन्ही एकदम मिळणार नाही. जणू काही पुरुष आजवर दाक्षिण्याची खैरात वाटीत आला आणि स्त्री ती घेऊन कृतघ्न निघाली!

या तक्रारीचे उत्तर आम्ही स्पष्ट शब्दांत देऊ इच्छितो. हे दाक्षिण्य स्त्रीला कधीच नको होते. तिला जे हवे होते ते तिच्यापासून काढून घेतले गेले आणि त्याच्या बदल्यात दाक्षिण्य तिच्या पदरात टाकले गेले. ज्या कुटुंबांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्यांनी तर हा सौदा विशेष सावधपणे तपासला पाहिजे. जुन्या घरातून देव्हारा बाहेर गेला तरी हा सौदा पुष्कळदा चुलीपाशी तसाच राहतो.

दाक्षिण्याचे कूळ

प्रथम या दाक्षिण्याचे कुळ पाहू. इंग्रजीत ज्याला ‘शिव्हलरी’ म्हणतात तो शब्द फ्रेंच भाषेतील घोडेस्वाराच्या शब्दावरून आला. हा घोडा बाळगणाऱ्या, म्हणजे जमीनजुमला असलेल्या वर्गाचा शिष्टाचार होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंद्रेआस कॅपेलानस नावाच्या ग्रंथकाराने प्रेम आणि सरदारी शिष्टाचार यांवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात उमराव घराण्यातील स्त्रीशी कसे नम्रतेने वागावे, तिची विनवणी कशी करावी, याचा मोठा विस्तार आहे. परंतु शेतकऱ्याच्या स्त्रीकडे मन गेले तर काय करावे? तेथे हाच ग्रंथकार विनवणी सोडून थोड्याशा बळजबरीचा सल्ला देतो! तात्पर्य, ज्या गुडघ्यावर बसून सरदार आपल्या वर्गातील स्त्रीला वंदन करी, तो गुडघा कष्टकरी स्त्रीपुढे कधी वाकला नाही.

आपल्या भाषेतील ‘दाक्षिण्य’ शब्दाचे कूळही फारसे निराळे नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘दक्षिण’ नायक हा एक आहे. त्याचे मन दुसऱ्या स्त्रीवर गेलेले असते, तरीही तो पहिलीशी गोड वागतो. हे गोड वागणे म्हणजे त्याचे दाक्षिण्य. तिचे हिरावले जाते ते जावे, फक्त तिचा रुसवा निघावा, एवढाच त्या गोडव्याचा हेतू. शब्दाचा उगम असा आहे हे पुष्कळांना ठाऊक नसेल. पण व्यवहारात त्याचा अर्थ अजून तोच आहे.

आणि मनुस्मृती? स्त्रीपूजेचा महिमा सांगणारा तिच्या तिसऱ्या अध्यायातील श्लोक आजही लग्नसमारंभात आणि महिलादिनाच्या भाषणात मोठ्या अभिमानाने म्हटला जातो. त्याच ग्रंथाचा पाचवा आणि नववा अध्याय स्त्रीला जन्मभर पिता, पती आणि पुत्र यांच्या ताब्यात ठेवतो, हे मात्र वक्ते सांगत नाहीत. पूजा आणि ताबा या दोन गोष्टी एकाच पुस्तकात सुखाने नांदतात, कारण त्या परस्परविरोधी नाहीतच. जिला स्वातंत्र्य द्यावयाचे नाही तिला मखरात बसविणे सोयीचे असते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला तो केवळ अस्पृश्यांच्या अपमानासाठी जाळला गेला असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला त्यात हे कोडे उलगडलेले आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली जात बंद ठेवण्याची साधने होत, हे त्यांनी तेथे दाखविले. म्हणजे स्त्रीचे ‘रक्षण’ करणारा खरोखर रक्षण करीत होता ते जातीच्या कुंपणाचे! आज मुलीने परजातीत लग्न केले म्हणून तिचा जीव घेणारा बापही घराण्याच्या इज्जतीचे रक्षण केले असेच म्हणतो. त्याच्या तोंडी असलेली इज्जत आणि दिवाणखान्यातील दाक्षिण्य या एकाच घरच्या दोन बहिणी आहेत.

ज्यांच्या स्त्रिया या कुंपणाच्या बाहेर होत्या, त्यांच्या वाट्याला तर ही वरवरची सभ्यताही आली नाही. आपल्या आजीपणजीला गावात कसे हाक मारीत ते आठवा. नातवाच्या वयाचे पोर पांढऱ्या केसांच्या म्हातारीला ‘ए, इकडे ये गं’ म्हणे, आणि त्या पोराला तिने मात्र आदरानेच बोलावयाचे. सभ्यता कोणत्या दारापाशी थांबते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच दाक्षिण्य लोप पावले या रडगाण्यात आपण सूर मिसळावा, यासारखी शरमेची दुसरी गोष्ट नाही.

कायद्याच्या वेशातील दाक्षिण्य

आमचा व्यवसाय वकिलीचा. म्हणून दाक्षिण्य कायद्याचा पोशाख घालून येते तेव्हा कसे दिसते, हेही सांगणे अवश्य आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९७ परस्त्रीशी व्यभिचार करणाऱ्या पुरुषाला शिक्षा सांगत असे. त्या स्त्रीला मात्र शिक्षा नसे. केवढे हे दाक्षिण्य! १९५४ साली मुंबई राज्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत संविधानाच्या अनुच्छेद १५ (३) खाली, म्हणजे स्त्रियांसाठी केलेली विशेष तरतूद म्हणून, वैध ठरविली. परंतु कलम नीट वाचले असता काय दिसे? पतीची संमती वा मूक मान्यता असेल तर मुळी गुन्हाच होत नसे. तक्रार करण्याचा अधिकार पतीचा. पतीच्या व्यभिचाराबद्दल पत्नीला फिर्याद करता येत नसे. म्हणजे स्त्रीला शिक्षा नव्हती, कारण कायद्याच्या लेखी ती कर्ता नव्हती. ती पतीची चीजवस्तू होती. चोरीच्या खटल्यात चोरलेल्या भांड्याला कोण शिक्षा करील? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले तेव्हा एकशे अठ्ठावन्न वर्षांच्या या दाक्षिण्याचा अंत झाला.

दुसरे उदाहरण घ्या. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम ३० अन्वये, जेथे मद्य विकले व प्यायले जाते अशा जागी स्त्रियांना नोकरीवर ठेवण्यास मनाई होती. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. हेतू अर्थातच ‘रक्षणाचा’. २००७ साली अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उडवून लावली. स्त्रीला सुरक्षितता देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ते पार पाडता येत नाही म्हणून तिची रोजी काढून घेणे हे रक्षण नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. गुंडाला आवरण्याऐवजी स्त्रीला घरी बसविणे, हा जो घराघरांतला न्याय, तोच येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता.

आणि दाक्षिण्याची जात पाहावयाची असेल तर राजस्थानातील भटेरी गावाकडे पाहा. बालविवाह थांबविण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करून बाटणार नाहीत, अशा आशयाचा तर्क त्या निकालात होता. हे प्रकरण समोर ठेवून स्त्रीसंघटनांनी सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली, तिच्यातून १९९७ चा विशाखा निर्णय आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा निर्माण झाला. आज कचेरीत काम करणारी कोणत्याही जातीची स्त्री ज्या कायद्याचा आधार घेते, तो एका कुंभार स्त्रीवरील अन्यायातून आणि स्त्रियांच्या संघटित झगड्यातून आला आहे. तो कोणा सभ्य गृहस्थाच्या दाक्षिण्यातून आलेला नाही.

मग बसमधल्या जागेचे काय, असे आमचे तरुण मित्र विचारतील. ती जागा हे दाक्षिण्य नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्या जिला रस्त्यावर, गर्दीत, प्रवासात निर्धास्त वावरू दिले नाही, तिला वावरता यावे म्हणून केलेली ती तरतूद आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला तो स्त्रीवर मेहेरबानी म्हणून नव्हे. प्रसूतीचा भार ती साऱ्या समाजासाठी वाहते, म्हणून तो भार समाजानेही उचलावा, हे त्यामागचे तत्त्व होते. ज्या तरुणाला राखीव जागेचे मर्म शिक्षणात आणि नोकरीत समजते, त्याला ते बसच्या बाकावर समजू नये, याचे आम्हाला नवल वाटते! ‘गुणवत्ता असेल तर राखीव जागा कशाला’ हा प्रश्न त्याला विचारला जातो तेव्हा त्याच्या मनात जो संताप उसळतो, तोच संताप आपल्या बहिणीला झाल्यास त्याने आश्चर्य मानू नये.

बसमध्ये उठून जागा द्यावी काय? जरूर द्यावी. गरोदर स्त्रीला द्यावी, म्हाताऱ्या पुरुषाला द्यावी, कडेवर मूल असलेल्या बापाला द्यावी, दिवसभर डोक्यावर पाटी वाहून आलेल्या बाईला तर सर्वांआधी द्यावी. आणि स्त्रीनेही थकलेल्या पुरुषाला द्यावी. गरज पाहून वागणे हा माणुसकीचा शिष्टाचार होय. लुगड्याची किंमत पाहून उठणे किंवा बसून राहणे, हे दाक्षिण्य होय.

हक्कसोडपत्र

आता आम्ही खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. दाक्षिण्याचा सर्वांत महाग प्रकार बसमध्ये घडत नाही. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घडतो. बाप वारतो. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागण्याची वेळ येते. भाऊ बहिणीच्या सासरी जातो, तिला सन्मानाने माहेरी आणतो. तिला साडीचोळी होते, गोडाधोडाचे जेवण होते. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून तिला कचेरीत नेतात आणि ती हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करते. का केली, असे विचारल्यास ती म्हणते, ‘भावाशी वाईटपणा कशाला? माहेर तुटेल.’ भाऊ म्हणतो, ‘आम्ही तिला काही कमी पडू देणार नाही.’ पुढे तिला खरोखर कमी पडते, नवरा टाकतो किंवा मरतो, तेव्हा त्या साडीच्या चिंध्या झालेल्या असतात आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसते.

हे केवळ पाटील-देशमुखांच्या वाड्यात घडते असे नाही. पंचशील घेतलेल्या घरांतही घडते. ज्यांच्या आजोबांना वतनाच्या तुकड्यासाठी सरकारदरबारी खेटे घालावे लागले, तेच नातू बहिणीचा वाटा साडीवर मिटवितात. पूर्वी गाव आपल्याला हक्काच्या मजुरीऐवजी बलुत्याचे धान्य आणि सणाची भाकर देई आणि वर उपकार सांगे. आता आपण बहिणीला तेच करीत नाही काय?

म्हणून प्रत्येक घराने कायदा समजून घ्यावा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. ही गोष्ट १९५६ पासूनची आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेने विवाहित-अविवाहित सर्व मुलींना जन्मतः समान हक्क दिला. त्या तारखेस बाप हयात नव्हता ही सबब चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले आहे. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, दागिने घातले, यांपैकी कशानेही हा वाटा आपोआप फिटत नाही. मुलीच्या वाट्याची ही तरतूद ज्या हिंदू कोड बिलात होती, ते रखडविले गेले म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद टाकले, तो हक्क आपण बहिणीकडून एका साडीवर सोडवून घ्यावा आणि संध्याकाळी त्यांच्या प्रतिमेला हार घालावा, ही कोणती निष्ठा?

धम्माचा शिष्टाचार

मग स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी वागावे तरी कसे? त्यासाठी सरदारांच्या ग्रंथाकडे जावयास नको. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश दीघनिकायात आहे. त्यात पत्नीने पतीशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आहेत. पण त्याआधी पतीने पत्नीशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आहेत. तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिच्या हाती अधिकार सोपविणे आणि तिला अलंकार देणे. हा क्रम ध्यानात घ्या! अलंकार शेवटी आहेत. आमचे दाक्षिण्य नेमके शेवटापासून सुरू होते आणि साडीदागिन्यापाशीच संपते. अधिकारापर्यंत ते कधी पोहोचतच नाही. शिवाय ही कर्तव्ये आहेत. कर्तव्य चुकले तर जाब विचारता येतो. मेहेरबानी थांबली तर कोणाला विचारणार?

घरात हे कसे दिसावे, तेही सांगतो. ‘जय भीम’ हा आपला अभिवादनाचा शब्द जोहाराच्या जागी आला. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. तरीही घरी आलेला पाहुणा पुरुषांना एकेक करून जय भीम घालतो आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहतही नाही. हे बदलले पाहिजे. नवऱ्याला ‘अहो’ आणि बायकोला ‘ए’, हेही बदलले पाहिजे. दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारावी किंवा दोघांनी ‘अहो’ म्हणावे. जे ठरेल ते दोघांना एकच असावे. जेवणाला सर्वांनी एकदम बसावे. सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कालवणात भाकरी बुडवून खाणे ही स्त्रीची प्रकृती नव्हे; ती शिकविलेली सवय आहे. विहारात सतरंज्या अंथरणे आणि खीर रांधणे बायांकडे, माईक आणि हिशेबाची वही पुरुषांकडे, ही वाटणी कोणत्या सुत्तात सांगितली आहे? वकिलाकडे सल्ल्याला आल्यावर बाईला प्रश्न विचारला असता दिराने उत्तर देऊ नये. ज्याचे दुखणे त्याला बोलू द्यावे.

रस्त्यावर एखाद्या स्त्रीची छेड काढली जात असेल तर अवश्य मध्ये पडावे. पण ‘तुला आयाबहिणी नाहीत काय’ हा प्रश्न विचारू नये. ती कोणाचीच बहीण नसली तरी तिला त्या रस्त्याने निर्धास्त जाण्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ‘विनयभंग’ हाच जुना शब्द कायम आहे. जणू इजा तिच्या अंगाला आणि मनाला होत नसून कोठल्याशा विनयाला होते! कायद्याची भाषा सावकाश बदलते. आपण आपली भाषा आज बदलू शकतो. भांडणात दुसऱ्याच्या आयाबहिणींचा उद्धार करणाऱ्या तोंडाने स्त्रीसन्मानाचे भाषण करू नये, हा त्या बदलाचा आरंभ होय.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेब म्हणाले होते की, समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. लग्न झालेल्या मुलीने पतीशी मैत्रिणीच्या आणि बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी होऊ नये, असेही त्यांनी तेथे बजावले. तेथे जमलेल्या स्त्रियांनी घरी जाऊन ते आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. पुरुषांनी मात्र ते अजून नीट ऐकलेले नाही.

धम्मबांधवांनो, तुमच्या बहिणीला पुढच्या वेळी माहेरी आणाल तेव्हा साडी जरूर घ्या. प्रेमाच्या साडीला आमचा विरोध नाही. पण तिला कचेरीत न्याल ते तिचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी न्या. आणि भगिनींनो, तुमच्यापुढे कागद ठेवला जाईल तेव्हा तो दोनदा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचवून घ्या, आणि तोवर पेन हातात धरू नका. त्या नकाराने जे माहेर तुटेल ते माहेर नव्हते, असे समजा.

जय भीम!